थोरलीचं बारसं

खूप जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात बुरूड राहत असत. सूप, टोपली, पाळणा विणावा तर त्यांनीच.

त्या गावात हौसा नावाची एक बोलकी तरुणी होती. तिच्या भावाला मुलगी झाली, तशी हौसाची पावलं जमिनीवर ठरेनात. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव तिनं मनात योजून ठेवलं होतं आणि कुणी कितीही विचारलं तरी सांगत नव्हती.

बारशाच्या आदल्या दिवशी तिचे आजोबा अंगणात पाळणा विणत बसले होते. हौसा त्यांना बांबूच्या कांबी देत होती.

"आजोबा, तुमच्यासाठीपण असाच पाळणा विणला होता का हो?"

"माझ्यासाठी नाही. थोरलीसाठी विणला होता. मी मागाहून त्यात निजलो."

"थोरली कोण?"

आजोबांचे हात थांबले. "माझी बहीण. माझ्या आधीची. बारशाच्या आधीच गेली ती. नाव ठेवायचं राहूनच गेलं. आईनं जाताना मला सांगितलं, 'तिला विसरू नकोस बाबा, माझ्यामागं तिचं कुणी नाही.' विसरलो नाही मी. पण अशुभ म्हणतील म्हणून कुणाजवळ बोललोही नाही. आता मी गेलो, की ती पुरती जाईल."

हौसानं पुढची कांब हळूच त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पाळणा टांगला, फुलांच्या माळा सोडल्या, गावातल्या बायका जमल्या. वहिनी बाळाला पाळण्यात ठेवणार, एवढ्यात हौसा म्हणाली, "वहिनी, जरा थांब. आपल्या घरात एक बारसं राहिलंय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

हौसाची आई घाबरली. "रिकामा पाळणा हलवू नये गं. बाळाला बाधतं."

साऱ्या वहिनीकडे पाहू लागल्या. बाळ तिचं होतं. तिनं लेकीला घट्ट छातीशी धरलं, क्षणभर आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "रिकामा कुठं आहे? थोरली आहे की त्यात. तिचं होऊ दे आधी. धाकटीला कसली घाई?"

हौसा बाजूला सरली. "आजोबा, आत्याचा मान आज तुमचा. सुचतंय का काही नाव?"

"सुचायचं काय त्यात?" आजोबा हळूच म्हणाले. "लहानपणी एकटा खेळताना मी तिला सगुणा म्हणायचो."

ते पाळण्यावर वाकले आणि म्हणाले, "कुर्रर्र, सगुणा."

आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत. बायकांनी ती सोडली नाही. म्हाताऱ्याच्या पाठीवर हलके हलके बुक्के पडू लागले. आजोबा हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

मग कोपऱ्यातली एक शेजारीण पुढे आली. "माझ्या सासूबाईंचाही एक मुलगा असाच राहिला हो." तिच्यामागून दुसरी आली, तिच्यामागून तिसरी. पाळणा हलत राहिला, नावं ठेवली जात राहिली, पाळणागीतांवर पाळणागीतं झाली. घुगऱ्या संपल्या, म्हणून पुन्हा चूल पेटवावी लागली. धाकटीची पाळी आली तेव्हा ती गाढ झोपली होती. हौसानं तिच्या कानात 'बकुळा' म्हटलं, तर ती झोपेतच हसली.

बकुळा धडधाकट वाढली. गावात पुढे रीतच पडली, की बारशाला आधी गेलेल्या बाळाचं नाव घ्यायचं आणि मग आलेल्याचं. आणि आजोबांना कुणी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?" तर ते ताठ बसून सांगत, "दोघं. थोरली सगुणा आणि मी."

तात्पर्य : गेलेल्याचं नाव काढल्यानं घरात दुःख येत नाही, माया वाढते.