मित्रपंचमीचा शाप

एका राज्यात, नदीच्या वळणावर वसलेल्या नगरीत, सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या राज्यात मित्रपंचमीचा सण मोठा. त्या सकाळी प्रत्येकाने आपल्या मित्राला स्वतःच्या हाताने केलेली वस्तू द्यावी, त्याच्याकडून तशीच वस्तू घ्यावी, आणि मगच तोंडात घास घालावा, अशी रीत होती. राजाही ती पाळी. त्याचा मित्र होता सारंग नावाडी. दोघे एकाच डोहात पोहायला शिकलेले. पुढे एक सिंहासनावर बसला, एक नावेत. पण पंचमीला घाटावर भेटायचे कधी चुकले नाही.

एके वर्षी नेमक्या पंचमीला जांभाळ नावाचा मांत्रिक दरबारात आला. म्हणाला, “राजा, आज सण आहे. तुझ्या खजिन्यातला नागमणी मला भेट दे.”

“मणी हवा तर दान म्हणून माग,” राजा म्हणाला. “भेट मागून मिळत नसते.”

मांत्रिकाचे डोळे हिरवे झाले. “मग ऐक. या राज्यात जो भेट घेईल, तो देणाऱ्याला विसरेल.” एवढे बोलून त्याने घारीचे रूप घेतले आणि तो खिडकीतून निघून गेला.

राजाने ते मनावर घेतले नाही. वेळूचा एक पावा त्याने स्वतः कोरला होता, तो घेऊन घाटावर गेला आणि सारंगच्या हातावर ठेवला. सारंगने पावा पाहिला, मग राजाकडे पाहिले आणि अदबीने विचारले, “आपण कोण? पलीकडे जायचं आहे का?”

राजा तसाच मागे फिरला.

दुपारपर्यंत नगरीत रडारड झाली. जन्माच्या मैत्रिणी एकमेकींना दारातून परतवून लावू लागल्या. राजाने दवंडी पिटवली, भेट देणे बंद केले. पंचमी येई, पंचमी जाई. शाप कोणाला बाधत नव्हता, पण माणसे एकमेकांच्या घरी जाईनाशी झाली. न जाणो, कोणी प्रेमाने काही हातावर ठेवले तर! राजाने घाटाचा रस्ताच टाकला.

राजवाड्याच्या बागेत उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. एके दिवशी तो म्हणाला, “राजा, तीन कामे करशील तर शाप तुटेल. मांत्रिकाच्या गुहेत जा आणि रिकाम्या हातांनी परत ये. मग मुकुट बाजूला ठेव, आपले नाव लपव आणि सारंगशी नव्याने मैत्री कर. आणि पंचमीला तुम्ही दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना भेट द्या. शाप घेणाऱ्यावर आहे. दोघेही देणारे झाले की त्याला धरायला जागा राहत नाही.”

“सारंगला मी सांगेन, तो देईल,” राजा म्हणाला.

“सांगून दिलेली वस्तू नजराणा होईल. ती भेट नव्हे.”

राजाने राज्य प्रधानावर सोपवले आणि तो काळ्या डोंगराच्या गुहेत गेला. आत मोत्यांची रास होती. विसरलेला एकेक मित्र म्हणजे एकेक मोती. राजाला स्वतःचा मोती लगेच ओळखू आला. त्यात दोन मुले डोहात उड्या मारत होती. राशीमागे जांभाळ बसला होता.

“घे, राजा,” तो म्हणाला. “तुझाच आहे. तुझा मित्र तुला लगेच ओळखील.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांशी तुला काय करायचे आहे? एक मोती हलला की उरलेले दगड होतात.”

राजाचा हात पुढे झाला होता. मोत्यातला सारंग पाण्यातून डोके वर काढून हसत होता. राजाने हात मागे घेतला, डोळे मिटले आणि भिंत चाचपत तो गुहेबाहेर आला. त्या दिवशी त्याला अन्न गेले नाही.

मग दाढी वाढवून, जाडेभरडे धोतर नेसून तो घाटावर राहू लागला. कोणी विचारले तर म्हणे, परगावचा आहे. रोज नावेतून पलीकडे जाई आणि मोळी घेऊन परत येई. सारंग आधी कामापुरते बोलत असे. मग एकदा वारा उलटला तेव्हा राजाने न सांगता दुसरे वल्हे हाती घेतले, आणि दोघांची भाकरी एकाच फडक्यात येऊ लागली. कितीदा राजाच्या ओठांवर आपले नाव येई. तो ते गिळून टाकी.

पंचमी जवळ आली तसा त्याने अंबाडीचा दोर वळायला घेतला, कारण नावेचा दोर पार झिजला होता. हाताला फोड आले. पण आपली भेट तयार होऊन काय उपयोग? सारंगने काही आणलेच नाही तर? मागता तर येत नव्हते.

पंचमीच्या सकाळी तो घाटावर उभा राहिला. सारंग नाव बांधून पायऱ्या चढून आला. त्याचे हात पाठीमागे होते.

“राजाची मनाई आहे,” तो म्हणाला. “पण ओल्या फळीवर बसून तुझं धोतर रोज भिजतं. म्हणून लव्हाळ्याचं बसकूर विणलं. हे घेतलंस की तू मला विसरशील, ठाऊक आहे मला. माझ्या लक्षात राहील, तेवढं पुरे.”

 राजाने दोर पुढे केला. सारंग दचकला. “मग तर दोघंही विसरू.”

“विसरलो तर पुन्हा नावेत बसेन,” राजा म्हणाला. “धर.”

बसकूर राजाच्या हातात आले, दोर सारंगच्या हातात गेला, त्याच क्षणी.  समोर कोण उभे आहे हे आपल्याला कळते आहे ना, एवढेच राजा मनात चाचपून पाहत होता.

सारंगने डोळे बारीक केले. “सुकेत्या,” तो म्हणाला, “ही दाढी कसली वाढवली आहेस? आणि इतके दिवस घाटावर राहून नाव का नाही सांगितलंस?”

राजा पायरीवर मटकन बसला. हसता हसता त्याला रडू आले. सारंग शेजारी बसला आणि त्याचा खांदा थोपटत राहिला.

काळ्या डोंगरात मोत्यांचे पाणी झाले आणि ओढ्याने वाहून गेले. जांभाळला मंत्र आठवेनासे झाले; तो उत्तरेच्या वाटेने चालत गेला तो गेलाच. राजाने मनाई उठवली, पण दवंडी घरोघर पोचण्याआधीच दारे उघडली होती. कासारआळीत समोरासमोर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून एकमेकींना रागे भरत होत्या, की इतक्या वर्षांत एकदाही हाक का मारली नाहीस. गाड्या खोळंबल्या, तरी कोणी त्यांना बाजूला सारले नाही.

त्या दिवशी राजाचा जीव भांड्यात पडला, प्रजेचा पडला. तसा ही गोष्ट ऐकणाऱ्या सर्वांचा पडो.