हेव्याची विहीर

बोडक्या माळावर चढून आलं की कॉलेजच्या आधी विहीर दिसते. जुळं केळं असावं तशी ती आहे: दोन गोल एकमेकांना चिकटलेले, मधे भिंत नाही, पाणी एकच. एवढ्या मोठ्या माळावर दोन विहिरी अशा खेटून कुणी खणल्या, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. हुरडेवाडीचे धोंडूनाना त्याला आधी काठावर बसवतात, पाणी पाजतात आणि मग सांगायला लागतात. घाई असलेल्या पाहुण्याला ते सांगतच नाहीत.

गावात वीज यायच्या आधीची ही गोष्ट आहे म्हणे. कोरगावे मास्तरांनी शहरातली चांगली नोकरी सोडून हा माळ घेतला आणि कॉलेज काढलं. शेती शिकायची तर नांगर धरायचा, बांधकाम शिकायचं तर आपल्या झोपायच्या खोलीची भिंत स्वतः उभी करायची. परीक्षा नाही, फळा नाही. गावाने त्याला 'हातकॉलेज' असं नाव ठेवलं आणि पुष्कळ दिवस हसून घेतलं. मास्तरांचा नियम एकच होता. कुणी येऊन विचारलं, "मास्तर, हे असं केलं तर जमेल का?" की ते म्हणायचे, "करून बघ." त्यापुढे एक शब्द नाही.

त्यांची पहिली विद्यार्थिनी अनसूया. जिच्या मनात असूया नाही ती अनसूया. आईबापांनी हौसेने नाव ठेवलं, त्यांचा काय दोष! पहिलं छप्पर तिने शाकारलं, पहिली चूल तिने मांडली. पुढे ती तिथेच शिकवायला राहिली. मास्तर थकत चालले होते, आणि त्यांच्यामागे कॉलेज आपल्याच हाती येणार हे तिने मनाशी धरलं होतं. तसं तिला कुणी सांगितलं मात्र नव्हतं.

मग सगुणा आली. खालच्या वाडीतली, अंगाने किडकिडीत, बोलायला मोकळी. अनसूयेला जे शिकायला वर्ष लागलं ते ही हसत हसत महिन्यात उचलायची. पोरं तिच्याभोवती जमायची. अनसूयेने वाढलेल्या भाकरीला कधी कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, सगुणेच्या करपलेल्या भाकरीचंही कौतुक व्हायचं. अनसूयेच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. ती सगुणेशी गोड बोलायची आणि रात्रभर कूस बदलत राहायची.

त्या उन्हाळ्यात माळावर पाण्याचे हाल झाले. ओढ्यावरून घागरी आणून सगळे मेटाकुटीला आले. पाणी लागलं नाही तर कॉलेज बंद करावं लागेल, असं मास्तरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं आणि विहिरीचं काम सगुणेवर सोपवलं. अनसूयेला वाटलं, विहीर दिली म्हणजे कॉलेजच दिलं.

ती मास्तरांकडे गेली. "मीही एक विहीर खणू का? तिच्या शेजारी?"

शेजारी म्हणजे किती शेजारी, हे मास्तरांना दिसत होतं. ती का विचारते आहे तेही त्यांना कळलं होतं, असं सांगतात. पण नियम म्हणजे नियम.

"करून बघ," ते म्हणाले.

दोन खड्डे खाली जाऊ लागले. मधे मुरमाची भिंत, जेमतेम हातभर जाड. दोघींची पोरं वर बादल्या ओढायची. दोन पुरुष उंचीइतकं खोल गेल्यावर एका दुपारी सगुणा तळातून ओरडली, "ओल लागली! ओल लागली गं बाई!" वर एकच गलका झाला. अनसूयेच्या खड्ड्याचा तळ मात्र कोरडा ठणठणीत होता.

तेव्हा तिने पहार आडवी धरली. झरा सगुणेच्या बाजूला आहे ना, मग तो इकडे ओढून घेऊ. खाली खणायचं सोडून तिने मधल्या भिंतीत पहार घातली, एकदा, दोनदा. पलीकडे सगुणा गाणं म्हणत होती. त्या गाण्याने तर अनसूयेचा हात आणखीच जोरात चालला.

भिंत बसली ती सगुणेच्या अंगावर. धूळ खाली बसल्यावर अनसूयेला दिसलं, सगुणा छातीपर्यंत गाडली गेली आहे. आणि त्याच वेळी झरा फुटला. ज्या पाण्यासाठी सगळा माळ तळमळत होता ते भळाभळा वर चढू लागलं.

अनसूया दोन्ही हातांनी मुरूम उपसू लागली. बोटं फुटली, नखं उलटली. मास्तर दोर सोडून खाली उतरले, तेही उपसू लागले. मुरमाचा चिखल झाला होता, सगुणेला तो सोडेना. पाणी तिच्या हनुवटीला लागलं.

"अनसाक्का," सगुणा म्हणाली, "आडवं का गं खणलंस?"

"झरा..." अनसूया म्हणाली आणि तिथेच थांबली. मग म्हणाली, "तुझा हेवा वाटतो मला. तू आलीस त्या दिवसापासून वाटतो."

ते वाक्य तोंडातून सुटलं आणि चिखलाने पकड सोडली म्हणे. मागे एक इंजिनियर पाहुणे आले होते, ते म्हणाले, पाण्याने चिखल सैल झाला असणार. म्हणोत बापडे. दोघांनी धरून सगुणेला वर काढलं हे खरं, आणि वर आल्यावर ती काय म्हणाली तेही सगळ्यांनी ऐकलं.

"माहीत होतं गं मला. सांगायला इतका वेळ लावलास?"

मास्तर काठावर बसून लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून नुसतं 'करून बघ' ते कुणाला म्हणाले नाहीत. आधी विचारायचे, "कशासाठी?" आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबायचे. कॉलेज त्यांनी सगुणेच्या हाती दिलं. तिचा एक पाय जन्मभर अधू राहिला.

अनसूयेने ट्रंक भरली, पण ती गेली नाही. पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं त्या दिवशी नव्या मुलांच्या देखत ती विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "सगुणाबाई, मला अजून तुमचा हेवा वाटतो." पोरं फिदीफिदी हसली. सगुणाबाई लंगडत आल्या, तांब्याभर पाणी काढलं आणि तिला पाजलं. मग हसणाऱ्यांतलाच एक जण पुढे आला आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, "तुझं सुंदर अक्षर बघून मला कसंतरी होतं." त्यालाही पाणी मिळालं.

हेवा काही गेला नाही हो. दर वर्षी अनसूयाबाई तेच म्हणायच्या, दर वर्षी सगुणाबाई पाणी पाजायच्या. दोघी तिथेच म्हाताऱ्या झाल्या. मग एका वर्षी कॉलेज उघडायच्या आधीच सगुणाबाई गेल्या. कॉलेज उघडलं त्या दिवशी अनसूयाबाई काठी टेकत काठावर आल्या, उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पोरांना वाटलं, विसरल्या. शेवटी म्हणाल्या, "आता मी कुणाला सांगू?" कुणीतरी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

आजही कॉलेज उघडतं त्या दिवशी सगळे काठावर जमतात. प्राचार्यांपासून स्वयंपाकिणीपर्यंत ज्याला ज्याचा हेवा वाटतो त्याला तो तोंडावर सांगतो, आणि ज्याला सांगितलं त्याने सांगणाऱ्याला पाणी पाजायचं. सगळ्यांचं झालं की एक तांब्या भरून काठावर ठेवतात. तो कुणी पीत नाही.