गणोजीची कोरी पानं

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात गणोजी कोष्टी राहायचा. लुगडी विणायचा आणि कवनं रचायचा. पाय आवर रे, गोष्ट ऐकायचीय ना?

गणोजीकडे एकच पोथी होती. सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. रोज सकाळी आंघोळ करायची आणि मागावर बसण्याआधी एक पान मोठ्यानं वाचायचं. पोथी मनात वाचायची नाही, ऐकायला कुणीतरी हवंच, अशी तेव्हाची रीत, बरं का. ऐकायला असायची त्याची आंधळी आई, आवडाई. पोथीत एका राणीची लेक रानात वाट चुकलेली. आवडाईची स्वतःची लेकही लांब दिलेली, ती पुन्हा माहेरी आलीच नव्हती. म्हणून आवडाई रोज विचारायची, पोर घरी आली का?

तीन पानं उरली आणि आवडाईनं अंथरूण धरलं. नेमकी तेव्हाच गणोजीला दुर्बुद्धी सुचली. त्याला वाटलं, यातले गोड शब्द आधी माझ्या कवनात घालीन, मग दुसऱ्यांना ऐकवीन. मग तो मागाआड बसून मनातच वाचू लागला. पहिलं पान वाचून झालं आणि कोरं पडलं. त्याला वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरं वाचलं, तेही कोरं. तरी मेल्याला शहाणपण आलं नाही. तिसरंही वाचलं. गेलं.

मग आईनं हाक मारली. आवाज पार खोल गेला होता तिचा. "गणू, पोर घरी आली का रं? तेवढं ऐकून जाईन म्हणते."

गणोजीला सांगता येईना. अरे, त्यानं नुसते शब्द वेचले होते, गोष्ट वाचलीच नव्हती! मग तो आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला. सगळं कबूल केलं. आई रागावली नाही. म्हणाली, "कवनं करतोस ना? मग तूच सांग."

मग गणोजीनं कोरी पानं मांडीवर घेतली आणि मोठ्यानं सांगू लागला. एकही नटवा शब्द घातला नाही. पोर काटे तुडवत निघाली. नदी उतरली. दाराशी आली. तो बोलत गेला आणि पानांवर अक्षरं उमटत गेली.

"आईनं वळखलं का तिला?"

"पावलांवरनंच," गणोजी म्हणाला.

आवडाईनं पानावर हात फिरवला. बोटांना ओली शाई लागली. "आलीस गं," एवढंच म्हणाली आणि शांतपणे गेली.

गणोजी पुढे म्हातारा होईपर्यंत रोज मोठ्यानं वाचत राहिला, आणि सारा गाव ऐकायला यायचा. पोथीतली पोर मात्र आईपाशी सुखानं राहिली. मिटा आता डोळे.