सोडलेलं प्यादं

पूर्वी पिंपळदरीच्या जत्रेत कुस्त्या उरकल्या की देवळाच्या मांडवात बुद्धिबळाचे सामने लागायचे. आता तिथं डीजे लावतात, ते असो. तेव्हा माणसं भाकरी बांधून डाव बघायला यायची. जिंकेल त्याच्या घरी पट आणि सोंगट्या वर्षभर राहायच्या.

त्या सोंगट्या नागू सुताराच्या बापानं सागवानात कोरलेल्या. बाप गेला, आणि सोंगट्या मात्र दरसाल दादाजी सोनाराच्या कोनाड्यात. बापाच्या हातची वस्तू एकदा तरी घरी यावी, एवढंच नागूच्या मनात होतं.

त्या साली शेवटचा डाव या दोघांत लागला. मागच्या साली जिंकलेल्यानं पांढऱ्या घ्यायच्या आणि पहिली चाल करायची, अशी रीत. नागूला काळ्या आल्या.

"काळ्या घेऊन या मांडवात कुणी जिंकलंय का रे?" दादाजी मिशीत हसला.

नागू खाली मान घालून खेळत राहिला. दिवस कलला तेव्हा दादाजीकडे राजा आणि एकच प्यादं उरलं होतं. नागूकडे वजीर होता, हत्ती होता.

पण तेव्हाच्या खेळात एक मेख होती. समोरच्याचं सगळं मारून राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी झाली की पट जुन्याच घरी.

दादाजीनं प्यादं मुद्दाम हत्तीच्या तोंडी सरकवलं.

"घे की. तुझ्या बापाला माझं प्यादंसुद्धा कधी मारता आलं नाही."

नागूची कानशिलं तापली. हात हत्तीकडे गेला. "मार, मार," मांडवातनं आवाज उठला. बघणाऱ्याला काय, त्याला मारामारी हवी असते.

हात अधांतरी थांबला. नागूनं तो परत मांडीवर आणला. मग वजीर सरकवला.

"शह."

राजाला एकच घर होतं. तो तिथं गेला. आता हत्ती हलला.

"शह. आणि मात."

दादाजीनं प्याद्याकडे बोट केलं. "प्यादं का सोडलंस?"

"ते मेलं असतं तर तुम्ही वाचला असता, दादाजी."

दादाजीनं सोंगट्या स्वतः गोळा केल्या, फडक्यात बांधून नागूच्या हातात दिल्या. "तुझ्या बापाबद्दल बोललो, ते इथंच सोड. घरी नेऊ नकोस."

नागूनं सोंगट्या तेवढ्या घरी नेल्या.

तात्पर्य: डिवचलेला माणूस मारायला धावतो आणि जिंकायचं विसरतो. हात आवरला, तरच डाव आपला.