दगडाच्या खांद्यावरची हलगी

एका राज्यात दवंडीवाल्याला राजाच्या घरचं पाणीसुद्धा वर्ज्य होतं. तो घरची भाकरी खाई, कुणाकडून देणगी घेत नसे, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच हलगी वाजवून सांगे. त्याची हलगी ऐकली की लोक म्हणत, "चला, आता खरं काय ते कळेल."

रायाप्पा हा तिथला दवंडीवाला. त्याचा धाकटा भाऊ भैरू भाकऱ्या थापी, आणि सगळ्या करपवी.

त्या राजाने कालदत्त मांत्रिकाकडून शापित सोन्याचे हंडे घेतले, त्यांवर आपली मुद्रा उठवली आणि लपवायला तळ्यात सोडले. पाणी चांदीसारखं झालं. जो ते पिई तो झोपी जाई, तो उठतच नसे. मग राजाने रायाप्पाला बोलावलं.

"दवंडी दे. तळ्याचं पाणी अमृत झालं."

"पाहून येतो, महाराज."

"मी सांगतोय ना?"

"म्हणूनच पाहून येतो."

रायाप्पा तळ्यावर गेला, पाहून परतला, चौकात उभा राहिला. हलगीवर हात पडायच्या आत तो दगड झाला. त्याच क्षणी साऱ्या राज्याच्या जिभेवर शाप उतरला. कुंभारीण धावत दारात आली. माझं लेकरू उठत नाही, असं तिला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "महाराजांची कीर्ती वाढो!" शेजारीण तिला पोटाशी धरून म्हणाली, "वाढो, वाढो," आणि दोघी रडू लागल्या.

भैरू भाकरी घेऊन आला. दादाचे पाय थंडगार होते. भाकरी तिथेच टाकून तो वाड्याकडे धावला आणि राजाला कचकचीत शिवी हासडली. बाहेर पडलं, "महाराज दयाळू आहेत!"

"रोज येत जा रे," पहारेकरी हसत म्हणाला.

भैरू तळ्याकाठी आला. तिथे एक टिटवी बसली होती. तिने विचारलं, "दमलास ओरडून?"

"महाराजांचा—"

"गप्प. नुसती मान हलव. शाप माणसांच्या जिभेला आहे, माझ्या नाही. दादाच्या खांद्यावरची हलगी उतरव. दवंडीवाल्याचे तीन नेम पाळशील, तर तिच्या नादाबरोबर तुझा खरा शब्द बाहेर पडेल."

भैरू चौकात परतला, टिटवी मागोमाग आली. त्याने हलगी उतरवली. लगेच वाड्यातून ताट आलं. त्यात तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या होत्या, आणि भैरूच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने ताट परत सरकवलं आणि धुळीत पडलेली भाकरी झटकून खाल्ली.

मग कालदत्त स्वतः आला. त्याने दगडाला बोट लावलं. रायाप्पाच्या पायाचा अंगठा गुलाबी झाला, उबदार झाला.

"पाणी अमृत आहे, एवढंच म्हण. भाऊ परत देतो."

भैरूने तो अंगठा मुठीत धरला. किती वेळ धरला, ते आकाशातल्या ढगांनाही ठाऊक नाही. दादा उठला असता. उठून पहिलं काय विचारलं असतं? पाहिलंस का, भैरू?

भैरूने मान हलवली. नाही. अंगठा त्याच्या मुठीतच थंड झाला.

तेव्हा त्याच्या डोक्यात आग पेटली. राजाने माझा दादा मारला, असं ओरडायला तोंड उघडून त्याने हलगीवर थाप मारली. हलगी वाजली नाही. दादाच्या दगडासमोर त्याच्याच तोंडातून निघालं, "महाराजांचा विजय असो!"

भैरूने हलगी खाली ठेवली.

"रागाने हलगी वाजत असती, तर सगळं गाव दवंडीवालं झालं असतं," टिटवी म्हणाली. "कुणी मारला, ते पाहिलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग जे पाहता येईल ते पाहून ये."

भैरू तळ्यात उतरला. ओठ घट्ट मिटून तो तळाशी गेला आणि वर आला. निथळत चौकात उभा राहिला. पुन्हा थाप मारली. हलगी कडकडली.

"ऐका हो ऐका! तळ्याच्या तळाशी सोन्याचे हंडे आहेत, त्यांवर राजाची मुद्रा आहे. हे मी पाहिलं. काठावर गाई निजल्यात, उठत नाहीत. हे मी पाहिलं. माझा दादा दगड झालाय. हे पाहतोय. कुणी केला, ते मी पाहिलेलं नाही."

शेवटच्या शब्दासरशी साऱ्या जिभा मोकळ्या झाल्या. सज्जात उभ्या राजाची तर इतकी, की ती त्याचंही ऐकेना. त्याला म्हणायचं होतं, खोटं आहे. निघालं ते असं, "मी सांगितलं. कालदत्ताने केलं."

कालदत्त धुरासारखा विरला. लोकांनी हंडे उपसले. पाणी निवळलं, गाई उठल्या, कुंभारणीच्या लेकराने आळस दिला. राजाचा मुकुट त्याच्या लेकीने घेतला. सिंहासनावर बसताच तिने भैरूपुढे पाण्याचा तांब्या धरला.

"घरून पिऊन आलोय, बाईसाहेब," भैरू म्हणाला.

रायाप्पा मात्र दगडच राहिला. दवंडी देऊन आला की भैरू त्याच्या पायाशी बसे, अर्धी भाकरी पुढे ठेवी. टिटवी येऊन ती टिपी.

"करपलीय," ती म्हणे.

"दादाही असंच म्हणायचा," भैरू म्हणे, आणि उरलेली अर्धी खाई.