द्वारकीची बैठक

कातळवण्यात शाळा होती पण शाळेला घर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. बैलगाडी तेव्हा ओढ्यापर्यंतच यायची आणि तिथून पुढे माणसं डोक्यावर ओझं घेऊन चढायची. त्या माणसांत एक द्वारकी होती. तिचा नवरा खाणीतून जांभ्या दगडाचे चिरे काढायचा आणि द्वारकी ते गावात वाहून न्यायची. डोक्यावर दोन चिरे, कडेवर मूल, आणि तरी चढावर तिचा श्वास कुणाला ऐकू यायचा नाही, असं म्हणतात.

शाळा मांगरात भरायची. मांगर म्हणजे गवत आणि औतं ठेवायची कुडाच्या भिंतींची शेड. मास्तर संस्थानानं दिला होता आणि इमारत गावानं द्यायची होती. गावानं वेशीच्या आतला हा मांगर दिला, तात्पुरता म्हणून. मांगराच्या आढ्याला वाळवी होती. मास्तर शिकवत असताना वरून पिठासारखी माती गळायची. पोरं पाटी फुंकायची आणि पुढचं अक्षर काढायची.

दाराजवळ उजेड होता, तिथं मानकऱ्यांची पोरं बसायची. खाणीवरची पोरं आत, आढ्याखाली. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. गावात बऱ्याच गोष्टी कुणी न ठरवता अशाच ठरलेल्या असतात.

एका पावसाळ्यात आतला एक वासा सुटला आणि द्वारकीच्या मोठ्या मुलाच्या तोंडावर आला. मुलगा वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. गाव हळहळलं. आढ्याला एक टेकू लावला गेला आणि शाळा पुन्हा भरू लागली.

द्वारकी गावप्रमुखाकडे, भिवबा गावकराकडे गेली. गावात चिरे नव्हते असं नाही. सातेरीच्या देवळापुढे नवा सभामंडप बांधायचा म्हणून घरटी चिरे गोळा झाले होते, आणि लाकूडही रचून ठेवलं होतं. त्यातले कितीतरी चिरे द्वारकीनंच वाहून आणले होते. ते आता वडाखाली शेवाळत पडले होते, कारण मंडपाच्या खांबांवर नक्षी कुणी काढायची यावर मानकऱ्यांचं एकमत होत नव्हतं. द्वारकी म्हणाली, ते चिरे शाळेला द्या. गावकर म्हणाला, आधी देवीचं, मग शाळेचं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, आणि पुन्हा तेच ऐकून आली. भिवबा गावकर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्या मुलाच्या औषधाला मध पाठवला होता. पण मंडप एक वर्ष थांबला तर मंडपाचं काही बिघडत नाही. मूल एक वर्ष थांबलं तर ते खाणीवर जातं, आणि मग शाळेत परत येत नाही. गावकराच्या घरातलं कुठलंच मूल खाणीवर जाणार नव्हतं, म्हणून त्याला हे कधी दिसलं नाही.

मग द्वारकीची धाकटी शेवंती शाळेच्या वयाची झाली. भाऊ जिथं बसायचा तिथंच तिनं आपलं गोणपाट अंथरलं. मुलीला घरी ठेवावं तर ती जन्मभर चिरे वाहणार, आणि शाळेत धाडावं तर त्या आढ्याखाली. रोज सकाळी द्वारकी तिची वेणी घालायची, सोडायची आणि पुन्हा घालायची.

त्याच वर्षी देवीनं गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे सगळ्या गावानं घरं उघडी टाकून, गुरं, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन वेशीबाहेर जायचं आणि तीन दिवस राहुट्यांत राहायचं. तोवर गाव देवीचं असतं. आत दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. परतण्याचीही रीत होती. आधी गावकर आणि मानकरी वेस ओलांडायचे, मग एकेक घर आपल्या क्रमानं. सगळ्यात शेवटचं घर खाणीवरचं, म्हणजे द्वारकीचं. ते वेशीत आलं की गावकर विचारायचा, मागे कोण ऱ्हवला? आणि शेवटच्या घरानं सांगायचं, कोण नाय. मगच देवळात दिवा लागायचा. हा दिवा सूर्य डोंगराआड बुडायच्या आत लागला पाहिजे, नाहीतर गाव वर्षभर ओस, अशी समजूत होती. एरवी खाणीवरच्या त्या घराकडे कुणी बघत नसे. पण त्या एका दिवशी अख्खं गाव त्या घराच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं.

ते तीन दिवस द्वारकी ओढ्यावर बायकांशी बोलत होती. काय बोलली ते कुणी कधी सांगितलं नाही. परतायच्या दिवशी मात्र घरामागून घर वेशीत शिरलं, आणि ओढ्यापलीकडच्या कातळावर शाळेची सगळी पोरं बसून राहिली. दाराजवळची आणि आतलीही. त्यांत गावकराचा नातूसुद्धा होता. त्याच्या हातात आईनं दिलेली भाकरी होती.

गावकरानं विचारलं, "मागे कोण ऱ्हवला?"

द्वारकी वेशीच्या बाहेरच उभी होती. ती म्हणाली, "पोरां ऱ्हवलीत. ती येवची नायत."

एकदम सगळे बोलू लागले. म्हाताऱ्या देवीचं नाव घेऊ लागल्या. गुरांना गोठ्याचा वास आला होता, ती दावी ओढत होती. द्वारकीचा नवरा वेशीत एक पाय टाकून उभा होता. त्यानं तो पाय मागे घेतला आणि बायकोकडे न बघता तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. एक मानकरी मोठ्यानं म्हणाला, "दगड व्हावन व्हावन हिच्या डोक्याचो दगड झालो."

"झालो तर झालो," द्वारकी म्हणाली. "वासो माझ्या डोक्यार पडलो असतो तर काय झाला नसता. तो पोराच्या तोंडार पडलो."

गावकरानं समजावून पाहिलं. देवीला वाहिलेलं परत कसं घ्यायचं, कोप झाला तर तो कुणी सोसायचा? आणि आढ्याला टेकू आहे, आढं भक्कम आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा द्वारकीनं बोट करून मांगर दाखवला. तो वेशीपासून हाकेच्या अंतरावर होता, दार सताड उघडं.

"भक्कम आसा तर आत बसान दाखवा. दाराकडे नको, माझ्या शेवंतीच्या जाग्यार. सूर्य डोंगराक टेकासर बसा, आणि वर बघू नका. मगे मी सांगतंय, मागे कोण नाय म्हणान. चिरे पण मागूचंय नाय."

गावकर हसला. त्याला वाटलं, सुटलो. बसायचं तर बसायचं. तो मांगरात गेला आणि शेवंतीच्या गोणपाटावर मांडी घालून बसला. सगळं गाव वेशीत उभं राहून दारातून बघत होतं. पलीकडे कातळावर पोरं उभी राहून बघत होती.

गोणपाटावर शेवंतीची पाटी पडली होती. तीन दिवसांत तिच्यावर वाळवीच्या मातीचा थर बसला होता. गावकरानं तो फुंकला. त्याला हसू आलं, कारण पोरं तसंच करायची हे त्यानं ऐकलं होतं. थोड्या वेळानं पाटी पुन्हा भरली. त्यानं पुन्हा फुंकली. मग माती त्याच्या मुंडाशावर पडली, मग मानेवर, मग सदऱ्याच्या आत. त्यानं वर बघितलं नाही. त्याच्यासमोर टेकू होता, आणि टेकूच्या बुंध्याशी जमिनीत एक खळगा पडला होता. आढं खाली बसत होतं, म्हणून टेकू मातीत रुतत होता. हे दाराजवळून दिसत नाही. बसल्यावरच दिसतं.

दुपार कलली तसा खाडीकडून वारा सुटला. टेकू कुरकुरला. गावकरानं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. द्वारकीनं डोळे मिटले होते. तिला गावकराचा जीव नको होता. पण हाक मारली असती तर उद्या सकाळी तिथं पुन्हा शेवंती बसली असती, म्हणून ती ओठ आवळून उभी राहिली. तिच्या हाताखालचा वेशीचा दगड त्या वेळी तापून लाल झाला, असं म्हणतात.

सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. वाऱ्याचा एक झोत आला आणि आढ्यातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

भिवबा गावकरानं वर बघितलं.

किती वेळ बघत राहिला कोण जाणे. मग तो उठला, पाटी उचलली, पदराखाली दिवा न्यावा तशी ती सदऱ्याच्या आत धरली आणि बाहेर आला. मघाचा मानकरी पुढे होऊन म्हणाला की वाईच थांबला असतात तर झालं असतं. गावकर एवढंच म्हणाला, "मी वर बघलंय."

मग त्यानं वेशीतच देवळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा सातेरी माते, तुझ्या नावान जमवलेलो चिरो पोरांच्या डोक्यार छप्पर घालूक नेतंव. ह्येच्यात काय चुकला असात तर ता माझ्या माथ्यार घाल, पोरांच्या नको."

गाऱ्हाणं झालं की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. देवीचं देणं काढून घ्यायला हो कोण म्हणणार? मानकरी जमिनीकडे बघत राहिले. सूर्य डोंगराच्या अगदी जवळ आला. आणि ओढ्यापलीकडून, कातळावरून, पातळ पण मोठा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

पोरं म्हणाली होती. मग त्यांच्या आया म्हणाल्या, आणि मग गाव.

पोरं ओढा ओलांडून धावत आली. गावकरानं पुन्हा विचारलं, मागे कोण ऱ्हवला? द्वारकी वेशीत आली आणि म्हणाली, "कोण नाय. सगळी इली."

देवळात दिवा लागला आणि त्याच घटकेला मांगर बसला. आढं, वासे, टेकू, सगळं एका दमात शेवंतीच्या गोणपाटावर. धूळ देवळापर्यंत आली. तोवर देवीनं आपल्या हातानं आढं तोलून धरलं होतं आणि तिच्या मूर्तीच्या उजव्या हातावर अजूनही पहाटे वाळवीची माती सापडते, असं म्हणतात. म्हणोत. पण ही गोष्ट सांगताना क्रम तेवढा बदलू नका. काही लोक सांगतात की मांगर पडला म्हणून गावानं शाळा बांधली. तसं झालं नाही. गाव आधी हो म्हणालं, मांगर मागून पडला. पडल्यावर तर कुणीही बांधतं.

दुसऱ्या दिवशी वडाखालचे चिरे निघाले. दगडाच्या डोक्याची गोष्ट काढणाऱ्या मानकऱ्याच्या डोक्यावर पहिला चिरा द्वारकीनं स्वतः चढवला. चुंबळ नीट करून दिली आणि म्हणाली, मान ताठ ठेवा, भावजी. तो चिरा दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवत शाळेच्या जागेपर्यंत पोचला. पोरं त्याच्यामागून त्याच्यासारखी चालत हसत होती. शाळा उभी राहिली. शेवंती तिथं शिकली. देवीचा मंडप नंतर झाला, बिननक्षीच्या खांबांचा, आणि देवीनं काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

द्वारकी कधी गेली ते कुणाला ठाऊक नाही. खाणीच्या चढावर दुपारी दगड उचलल्याचा आवाज येतो आणि श्वास ऐकू येत नाही, ती द्वारकी, असं म्हणतात.

कातळवण्यात आजही शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी द्वारकीची बैठक असते. त्या दिवशी पोरं आत जात नाहीत. सरपंच, मानकरी, शाळा समिती, बांधकामाचा ठेकेदार, सगळे वर्गात जमिनीवर बसतात. दाराजवळ नाही, आत. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत कुणी वर बघायचं नसतं. खिडक्यांत पोरं उभी असतात आणि त्यांचं काम एकच, बसलेल्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवायची. कुणी वर बघितलं तर दुसऱ्या दिवशी गावातलं बाकी सगळं काम बाजूला ठेवून छपराचं काम निघतं. मग जत्रा तोंडावर असो की निवडणूक. कुणीच बघितलं नाही तर खाणीवरच्या घरातली बाई वेशीत उभी राहून सांगते, मागे कोण नाय, आणि शाळा उघडते.

अलीकडे एका वर्षी सरपंचांनी वर बघितलं. पाल होती, असं ते म्हणाले. पोरांनी ऐकून घेतलं आणि खिडकीतून हात वर केले, सगळ्यांनी. सरपंच अजूनही सांगतात, पालच होती. छपराची सगळी कौलं त्या आठवड्यात बदलली.