भिवराबाईची साक्ष

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ती ज्या राज्यात घडली त्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. डोंगरांच्या बेचक्यात वसलेले ते लहानसे राज्य होते. तिथले कायदे थोडे होते आणि जुने होते. त्यांतला एक असा होता : नास्तिकाची साक्ष धरू नये.

हा कायदा कुणी केला आणि कशासाठी केला, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. साक्षीदार यायचा, बेलाचे पान आणि भंडारा हातात उचलायचा, देवाची शपथ घ्यायचा आणि मग बोलायचा. शपथ घेऊन खोटे बोलणारेही असत. पण त्यांना कुणी नास्तिक म्हणत नसे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, देवस्थानाच्या धान्याच्या कोठाराला आग लागली. वर्षाचे धान्य जळून गेले. कोठार सांभाळणारा कोठावळा न्यायसभेत आला. त्याने बेलभंडार उचलला आणि सांगितले, की आग लावणारा माणूस आपण डोळ्यांनी पाहिला. तो सिदू नावाचा परमुलखातला धनगर. त्याची मेंढरे देवस्थानाच्या कुरणात शिरली म्हणून नदीकाठच्या कोंडवाड्यात कोंडून ठेवली होती. तो राग त्याने असा काढला. हातात पलिता होता, खांद्यावर घोंगडी होती, आणि आग भडकताच घोंगडी सावरत तो नदीकडे पळाला.

सिदूला त्याच संध्याकाळी नदीकाठी धरले होते. त्याचा एक हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. राग आला होता हे त्याने नाकारले नाही. आग मात्र मी लावली नाही, म्हणाला. दरडीवरून पडून हात मोडला होता, आणि धूर दिसला तेव्हा आपण भिवराबाईच्या ओसरीवर बसून तो बसवून घेत होतो. कोठावळा म्हणाला, पळतानाच पडला असेल आणि नंतर गेला असेल तिच्याकडे.

देवाचे धान्य जाळणाऱ्याला त्या राज्यात कडेलोटाची शिक्षा होती.

भिवराबाई मोडलेली हाडे बसवीत असे. एकटी राहायची, कामापुरते बोलायची. तिला बोलावणे गेले. ती आली आणि कारकुनाने तिच्यापुढे बेलभंडाराचे तबक धरले. तिने हात पुढे केला नाही.

“मी पाहिलं ते सांगते,” ती म्हणाली, “पण हे उचलणार नाही. देव आहे असं मला वाटत नाही. जे वाटत नाही त्याची शपथ घेतली, तर माझा पहिलाच शब्द खोटा होईल.”

सभेत कुजबुज झाली. कारकुनाने कायदा सांगितला आणि तबक मागे घेतले.

न्यायाधीश म्हातारे होते आणि घाई करीत नसत. ते म्हणाले, कायद्यात नास्तिक हा शब्द आहे, पण नास्तिक कोण ते लिहिलेले नाही. जाणत्यांनी आधी ते ठरवावे. मग जाणते पुढे आले.

शास्त्रीबुवांनी सांगितले, की जो वेद मानीत नाही तो नास्तिक. बाकी सगळे अर्थ मागाहून चिकटलेले. तेव्हा भिवराबाई म्हणाली, की तिला वेद कुणी कधी ऐकूच दिला नाही, मग तो मानला की नाही हे तिला कसे सांगता येणार?

पुजारी म्हणाला, एवढ्या खोलात जायला नको. जो देवळात येत नाही, नैवेद्य दाखवत नाही, तो नास्तिक. यावर एका कोपऱ्यात बसलेला संन्यासी हसला. तोही देवळात जात नसे आणि नैवेद्य दाखवीत नसे. त्याच्या मते देव मानणे न मानणे ही दुय्यम गोष्ट होती. केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागत नाही असे समजून जो वाटेल तसा वागतो, तो खरा नास्तिक. मग त्याच्या कपाळाला गंध असो वा नसो. पुजाऱ्याने चटकन कपाळाला हात लावला आणि तो खाली घेतला.

बाजारातला एक व्यापारी उठला. त्याला यातले काहीच पटले नव्हते. देव नाही असे जो म्हणतो तो नास्तिक, एवढी सरळ गोष्ट आहे, असे तो म्हणाला.

“मी नाही असं म्हटलेलं नाही,” भिवराबाई म्हणाली. “आहे असं मला वाटत नाही, एवढंच म्हटलं. नाही म्हणायला मी काय सगळं जग फिरून आले?”

मग त्यावरून नवा वाद पेटला. व्यापारी म्हणाला, दोन्ही एकच. शास्त्रीबुवा म्हणाले, दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. संन्याशाने विचारले, की तान्ह्या मुलालाही देव आहे असे वाटत नसते, मग ते नास्तिक काय? ज्याच्या त्याच्या व्याख्येने शेजारी बसलेला कुणी ना कुणी नास्तिक ठरू लागला. आवाज चढले. दिवस मावळला आणि सभा उठली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. सिदू कोठडीत होता आणि त्या दोन दिवसांत त्याचे नावही कुणी घेतले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सिदूची बायको कोंडाबाई भिवराबाईच्या दारात आली. ती रडून थकलेली होती.

“आत्या,” ती म्हणाली, “तुम्ही देव मानत नाही ना? मग ते पान उचलल्यानं तुमचं काय बिघडणार? माझा धनी मात्र जाईल.”

आपण खरे बोलायचे म्हणून अडून बसलो आहोत, आणि त्या खऱ्यापायी एक निरपराध माणूस मरणार आहे, हे भिवराबाईला दिसत होते. खोटी शपथ घेतली तर आपण आपल्याच नजरेतून उतरू, हेही दिसत होते. तिने कोंडाबाईला भाकरी वाढली आणि स्वतः तशीच निजली.

सकाळी ती सभेत गेली आणि न बोलावताच तबकापाशी उभी राहिली. तिने बेलभंडार उचलला. कारकून सांगत गेला तशी सगळी शपथ तिने म्हटली.

सभा सुखावली. पुजारी म्हणाला, देवाने बुद्धी दिली. शास्त्रीबुवांनीही मान डोलावली. आता साक्ष धरायला हरकत नाही, असे कारकून म्हणाला.

न्यायाधीशांनी तिला विचारले, “बाई, देव आहे असं आज वाटतं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग हे उचललंत ते का?”

“हिच्याकडे बघून,” ती म्हणाली. कोंडाबाई खांबाला टेकून उभी होती.

न्यायाधीश सभेकडे वळले. मग म्हणाले, “परवा ही बाई खरं बोलली, तेव्हा आपण तिचं तोंड बंद केलं. आज ती मनाविरुद्ध बोलली आणि आपण तिला खरी मानायला निघालो. चूक माझीही आहे. ही कोण आहे ते दोन दिवस ठरवत बसलो, आणि हिने काय पाहिलं ते विचारायचंच राहिलं.”

मग त्यांनी तेच विचारले. भिवराबाईने सगळे सांगितले. सिदू धूर दिसायच्या बराच आधी मोडका हात घेऊन आला. हात बांधण्यासाठी त्याने घोंगडी काढली. धूर दिसल्यावर त्याला मेंढरांची काळजी वाटली आणि तो तसाच उठून गेला. घोंगडी ओसरीवरच राहिली, अजून तिथेच आहे.

शिपाई गेले आणि घोंगडी घेऊन आले. कोंडाबाईने तिचा काठ ओळखला. न्यायाधीशांनी कोठावळ्याला विचारले, की पळणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी होती ना? कोठावळा म्हणाला, दुसरी असेल. मग म्हणाला, धुरात नीट दिसले नसेल. मग तो खालीच बसला आणि खरे ते सांगू लागला. चिलीम ओढता ओढता त्याचा डोळा लागला होता, ठिणगी गवतावर पडली होती, आणि कडेलोटाच्या भीतीने त्याने एका परक्या माणसाचे नाव घेतले होते.

सिदू सुटला. आग चुकून लागली होती म्हणून कोठावळ्याचा जीव वाचला, पण खोट्या शपथेसाठी त्याला राज्याबाहेर घालवण्यात आले. तो जुना कायदाही राजाने काढून टाकला. ज्याला शपथ घ्यायची त्याने घ्यावी, ज्याला नको त्याने नुसते सांगावे. सांगितलेले मात्र दोघांचेही सारखेच पारखले जाऊ लागले.

शास्त्रीबुवा आणि संन्यासी यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला आणि त्यात दोघांनाही आनंद होता. भिवराबाईला लोक नास्तिक म्हणतच राहिले. कुणी शिवी म्हणून म्हणे, कुणी कौतुकाने, कुणी नुसतेच सवयीने. ती हरकत घेत नसे. माणूस वाचल्याचे तिला समाधान होते. पण त्या सकाळी उच्चारलेले शब्द तिला अखेरपर्यंत सलत राहिले, असे तिच्या शेजारणी सांगत.

तात्पर्य : ज्या शब्दाचा अर्थ आपल्यालाच ठरवता येत नाही, त्या शब्दाने कुणाचा खरेखोटेपणा ठरवू नये.